पट्ट्याचा मेसेज आला, गाय भरवली, तरी उलटली: चूक कुठं होते?

प्रश्न (वाळवा तालुका, जि. सांगली): मुक्त संचार गोठ्यात २२ एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाई आहेत. वर्षभरापूर्वी सगळ्यांच्या गळ्यात सेन्सरचे पट्टे घातले. माजाचा मेसेज आला की गाय भरवतो (कृत्रिम रेतन करतो), तरी निम्म्या गाई उलटतात, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येतात. तीन गाईंचा तर व्यायल्यापासून माजाचा मेसेजच नाही. उलट रवंथ कमी झाल्याचा मेसेज रोज कुणाचा ना कुणाचा असतो. दरवेळी डॉक्टर बोलवायचा तर परवडत नाही. पट्टे खराब आहेत का? काढून टाकू का? आलेखांचे आणि वहीचे फोटो सोबत पाठवले आहेत.

उत्तर:

दादा, पट्टे काढू नका. फोटो नीट पाहिले. २२ पैकी २१ पट्टे व्यवस्थित चालू आहेत, एकाचा घोळ आहे तो पुढं सांगतो. अडचण पट्ट्यांत नाही. मेसेज तेवढा वाचला जातोय आणि त्याच्यामागचा आलेख कुणी उघडतच नाही, अडचण तिथं आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. गळ्यातल्या पट्ट्याला माज कळत नाही, तापही कळत नाही. आत हालचाल मोजणारी एक चिप असते. मान किती हलली, कशी हलली, रवंथ करताना जबड्याची जी एकसारखी लय मानेपर्यंत येते ती किती मिनिटं चालली, एवढंच तिला समजतं. मग सॉफ्टवेअर त्या गाईची आजची हालचाल तिच्याच मागच्या आठ-दहा दिवसांशी ताडून बघतं. फरक मोठा दिसला की मेसेज. ही कल्पना नवी नाही. १९७७ साली अमेरिकेत किडी नावाच्या संशोधकाने गाईंच्या पायाला पावलं मोजायचं यंत्र बांधून दाखवलं होतं की माजाच्या दिवशी गाय नेहमीपेक्षा कितीतरी जास्त चालते. आज यंत्र लहान झालंय, मोबाईलवर आलंय, पण मुळातलं काम तेच आहे. म्हणजे मेसेजचा खरा अर्थ एवढाच, की ही गाय आज नेहमीसारखी वागत नाहीये. का वागत नाही, ते गोठ्यात जाऊन तुम्हीच बघायचं.

आता उलटणाऱ्या गाई. तुमच्या १४ नंबरच्या गाईचा आलेख घ्या. मंगळवारी रात्री दहाच्या सुमारास हालचालीची रेघ वर चढायला लागली. त्याच वेळी रवंथाची रेघ खाली आली. मेसेज पडला रात्री दोनला, कारण सॉफ्टवेअर खात्री पटेपर्यंत काही तास थांबतं. तुम्ही तो बघितला सकाळी सहाला, धारेच्या वेळी. मग जुना नियम लावला: सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. संध्याकाळी भरवणाऱ्याला जमलं नाही, तो आला गुरुवारी सकाळी नऊला. तुमच्या वहीत नोंद आहे, ‘मेसेज आल्यावर भरवली’.

हिशोब करा. मंगळवार रात्री दहा ते गुरुवार सकाळी नऊ म्हणजे ३५ तास. हालचाल वाढायला लागल्यापासून साधारण २८ ते ३० तासांनी स्त्रीबीज सुटतं. म्हणजे या गाईचं बीज गुरुवारी पहाटे दोन ते चारच्या दरम्यान सुटून गेलेलं असणार. सुटलेलं बीज फलनाला योग्य राहतं सहा ते बारा तास. दुसरीकडे, कांडीतून (गोठवलेल्या वीर्याच्या बारीक नळीतून) गेलेले शुक्राणू आत गेल्यागेल्या कामाला लागत नाहीत. गर्भाशयातून वर चढून फलनासाठी तयार व्हायला त्यांना सहाएक तास तरी लागतात. म्हणजे ते तयार होईपर्यंत दुपारचे तीन वाजले आणि बीज तोवर शिळं झालं. गाय उलटणार नाही तर काय होणार!

सकाळ-संध्याकाळचा तो नियम चुकीचा नाही. पण तो डोळ्यांनी माज बघणाऱ्यासाठी आहे. डोळ्यांना माज दिसतो तेव्हा तो कधी सुरू झाला हे कुणालाच माहीत नसतं, म्हणून तो ढोबळ नियम. पट्ट्यानं तुम्हाला सुरुवातीची वेळच हातात दिली आहे, मग त्याच्यावर पुन्हा बारा तासांची अटकळ कशाला चढवायची? हालचालीची रेघ चढायला लागली ती वेळ धरा. तिथून पुढं सहा ते सोळा तासांत साध्या कांडीनं भरवा, बाराच्या आसपास जमलं तर उत्तम. लिंगनिर्धारित वीर्याची (कालवडच व्हावी म्हणून शुक्राणू निवडलेली) कांडी असेल तर थोडं उशिरा, साधारण सोळा ते चोवीस तासांच्या दरम्यान. त्या कांडीत शुक्राणू साध्या कांडीपेक्षा खूप कमी असतात आणि ते जगतातही कमी वेळ, म्हणून त्यांना बीज सुटण्याच्या जवळ नेऊन सोडावं लागतं.

माज बहुतेक वेळा संध्याकाळी ते पहाटे या वेळातच जोर धरतो, उन्हाळ्यात तर जास्तच. म्हणजे तुमच्याकडच्या बऱ्याच गाईंची सुरुवात रात्री आठ ते एकच्या दरम्यान असणार, आणि तिथून बारा तास मोजले तर रेतनाची वेळ सकाळी आठ ते दुपारी एक अशी पडते. म्हणून भरवणाऱ्याशी एकदाच बसून ठरवून घ्या: रात्रीचा मेसेज असेल तर सकाळची पहिली फेरी तुमच्याकडं. संध्याकाळवर ढकललं की आपल्याकडं ते दुसऱ्या दिवशी सकाळवर जातं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. लवकर भरवण्याची चूक फार क्वचित होते. उशिराची मात्र रोज होते.

तो आला की कांडी कशी वितळवतो तेही बघत जा. ३७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ३० सेकंद. थर्मामीटर नसेल तर तुमच्याकडचा द्या. काखेत धरून, नाहीतर हवेत हलवून वितळवलेली कांडी म्हणजे उणे १९६ अंशांवर इतके दिवस जपून ठेवलेला माल शेवटच्या मिनिटाला वाया घालवणं आहे.

भरवण्याआधी गाईची शेपटी उचलून बघायचीच, मेसेज कितीही पक्का असो. काचेसारखा स्वच्छ, तुटता न तुटणारा सोट (माजातला चिकट स्राव) लोंबतोय का? माकडहाडाजवळचे केस विस्कटलेत, घासले गेलेत का? दुसरी गाय चढली तर ही उभी राहते का? सोट गढूळ असेल, त्यात पांढरट पुवाचे धागे असतील तर भरवू नका. ते गर्भाशयाचं दुखणं आहे, आधी त्याचा इलाज. रक्ताचा बारीक ओघळ दिसला तर माज एक-दोन दिवसांपूर्वीच होऊन गेला. आता भरवून उपयोग नाही, तारीख लिहा आणि सतराव्या-अठराव्या दिवसापासून त्या गाईवर नजर ठेवा. आणि आधीच गाभण ठरलेल्या गाईचा मेसेज आला तर हात आवरा. थोड्याफार गाभण गाई माजासारखी लक्षणं दाखवतात. तपासणी न करता त्यांच्यात नळी घातली तर आहे तो गर्भ जाऊ शकतो.

दोन मेसेजमधलं अंतर वाचायला शिका. हे कुठलंच अॅप समजावून सांगत नाही आणि माझ्या मते पट्ट्याचा अर्धा उपयोग इथंच आहे. भरवलेली गाय १८ ते २४ दिवसांनी परत आली तर चक्र व्यवस्थित आहे, फलन झालं नाही किंवा गर्भ अगदी सुरुवातीलाच गेला. अशा वेळी रेतनाची वेळ, वीर्य, उन्हाचा ताण, यांच्याकडं बघायचं. ३६ ते ४८ दिवसांनी आली तर मधला एक माज निसटला असण्याची शक्यता जास्त. २५ ते ३५ दिवसांनी आली तर दोन शक्यता. एक तर गर्भ धरून नंतर गेला, नाहीतर मागचं रेतन माज नसतानाच झालं होतं. आणि १० ते १२ दिवसांतच दुसरा मेसेज आला तर दोघांपैकी एक खोटा. अपवाद फक्त नुकत्या व्यायलेल्या गाईचा. व्याल्यानंतरचं पहिलं चक्र मुळातच आखूड, ८ ते १२ दिवसांचं असू शकतं. दर चार-पाच दिवसांनी मेसेज देणारी, सतत दुसऱ्यांवर चढणारी गाय असेल तर अंडाशयावर पाण्याची गाठ आहे का ते तपासून घ्या.

तुमच्या उलटलेल्या गाईंची अंतरं मी काढली. बहुतेक २० ते २३ दिवसांत बसतात. म्हणजे गाई चक्रात आहेत, माज पट्ट्याला बरोबर सापडतोय. आधी वेळ सुधारा, पुढच्या दोन-तीन महिन्यांत फरक दिसेल. दोन गाईंची अंतरं मात्र ११ आणि १२ दिवसांची आहेत. त्यांच्या पहिल्या मेसेजच्या तारखा तुमच्या वहीतल्या लसीकरण आणि गोठा बदलण्याच्या दिवसांशी जुळतात. नव्या कळपात सोडलेली गाय मारामारी करते, फिरते, पट्टा त्याला माज समजतो. अशा दिवशी कळपातल्या सगळ्यांचीच रेघ थोडी वर गेलेली असते, ती बघितली की लगेच उलगडतं.

आता त्या तीन गाई, ज्यांचा मेसेजच नाही. प्रश्नात तुम्ही त्या एका ओळीत उरकल्यात. मला मात्र तुमच्या सगळ्या माहितीत याच तीन सर्वांत महाग वाटल्या. मेसेज येतो त्या गाईकडं आपोआप लक्ष जातं. जी गप्प आहे ती दूध देत राहते, कुणाला काही जाणवत नाही, आणि एक दिवस लक्षात येतं की व्याऊन सात महिने झाले आणि गाय रिकामी आहे. वर्ष-सव्वा वर्षाला वेत हवं असेल तर व्याल्यापासून चौथ्या महिन्याच्या आत ती गाभण ठरली पाहिजे. म्हणून दर सोमवारी मोबाईलवर मेसेज बघण्याआधी एक यादी काढा: व्याऊन ५० दिवस झाले आणि एकही माज नोंदला गेला नाही, अशा गाई. बहुतेक अॅपमध्ये ही यादी मिळते, फक्त व्याल्याची तारीख भरलेली पाहिजे. तुमच्या नऊ गाईंची ती तारीखच भरलेली नाही. सॉफ्टवेअर दिवस मोजणार कुठून?

गप्प गाईची कारणं निरनिराळी असतात. पहिली शंका पट्ट्यावर घ्या. तुमच्या ७ नंबरचा आलेख मला आधीपासूनच खटकला. कालवडीसारखी हालचाल आणि रवंथ जेमतेम चार तास. मग तुमच्या वहीत पाहिलं तर ७ नंबरची मूळ गाय पावसाळ्यात विकली आणि तिचा पट्टा कालवडीच्या गळ्यात घातला. अॅपमध्ये मात्र अजून जुन्या गाईचंच नाव आहे. म्हणजे तीनपैकी एक गाय तुमच्या गोठ्यातच नाही! पट्टा एका जनावराचा काढून दुसऱ्याला घातला की जुनी नोंद बंद करायची, नवी उघडायची, आणि कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा १२ आकडी नंबर त्याच्यासमोर लिहायचा. पट्टा दहा वेळा बदलेल, बिल्ला बदलत नाही. नव्या जनावराची सवय ओळखायला सॉफ्टवेअरला आठ-पंधरा दिवस लागतात, तोवर त्याच्या मेसेजवर विसंबू नका.

राहिल्या ३ आणि १८ नंबर. १८ नंबर लंगडते आहे, असं तुम्हीच वहीत लिहिलंय. खूर दुखणारी गाय माजावर आली तरी फिरत नाही, कुणावर चढत नाही. तिचा माज पट्ट्याला दिसणारच नाही. आधी खूर साळून घ्या. गोठ्यात चिखल होतो त्या बाजूला मुरूम टाका. ३ नंबरचं वेगळं आहे. तिची रवंथ व्याल्यानंतर तीन आठवडे वर आलीच नाही, दूध मात्र भरपूर दिलं. अशी गाय अंगावरचं मांस-चरबी वितळवून दूध देते. अशा गाईचं अंडाशय थंड पडतं. पण हे मी फोटोवरून म्हणतोय. डॉक्टरांकडून गर्भाशय-अंडाशयाची तपासणी करून घ्या, गरज पडली तर दहा दिवसांनी पुन्हा एकदा. अंडाशयावर पीतपिंड (बीज सुटल्यावर त्या जागी होणारी गाठ) सापडला तर गाय चक्रात आहे, माज मुका आहे, म्हणजे लक्षणं दिसत नाहीत. मग प्रोस्टाग्लँडिनच्या इंजेक्शनने दोन ते पाच दिवसांत माज आणता येतो आणि तो पट्ट्याला दिसतो. काहीच सापडलं नाही तर आधी खुराक आणि खनिज मिश्रण सुधारायचं, मग संप्रेरकांचा विचार. ठरलेल्या वेळी भरवायची पद्धत १९९५ पासून जगभर वापरली जाते. पहिल्या दिवशी एक इंजेक्शन, सात दिवसांनी दुसरं, त्यानंतर ५६ तासांनी तिसरं आणि पुढं १६ तासांनी रेतन. माज दिसण्याची वाट बघावी लागत नाही. पण इंजेक्शनं औषधाच्या दुकानातून आणून स्वतः टोचायची नाहीत. गाभण गाईला चुकून प्रोस्टाग्लँडिन गेलं तर गाभ पडतो.

आता रवंथ. चांगला चारा असलेली दुभती गाय दिवसाला साधारण सात ते नऊ तास रवंथ करते. पण दुसऱ्याच्या गाईशी तुलना करू नका, तिची तिच्याशीच करा. मेसेज आला की तीन गोष्टी ओळीनं बघायच्या.

पहिली: एकाच गाईची रवंथ घटली की सगळ्या कळपाची? बऱ्याच अॅपमध्ये कळपाच्या सरासरीची रेघ वेगळी मिळते. सगळ्यांची घटली असेल तर डॉक्टरला फोन करायच्या आधी गव्हाणीत आणि पाण्याच्या हौदात बघा. मोटार बंद पडून हौद कोरडा राहिलाय, मुरघासाचा नवा खड्डा उघडलाय, पेंड बदललीय, कुट्टी फार बारीक झालीय, यापैकी काहीतरी सापडतंच. तुमच्या नोव्हेंबरमधल्या मेसेजांची रांग बघा. त्याच आठवड्यात साखर कारखाने सुरू झाले आणि तुम्ही हत्तीघास-मका बंद करून जवळपास निव्वळ वाढ्यांवर (उसाच्या हिरव्या शेंड्यांवर) आलात. आपल्या ऊसपट्ट्यात हे दर गळीत हंगामात होतं, कारण वाढे स्वस्त पडतात. पण वाढ्यात प्रथिनं जेमतेम आणि ऑक्झॅलेट भरपूर असतं. ते चाऱ्यातला कॅल्शियम बांधून ठेवतं, गाईला मिळू देत नाही. दोन महिने निव्वळ वाढे खाऊन व्यायलेली गाय उठेनाशी झाली, जार अडकला, माज मुका राहिला, तर त्याचं नवल वाटायला नको. वाढे एकूण हिरव्या चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर नेऊ नका, चुन्याची निवळी शिंपडून द्या, सोबत द्विदल चारा आणि खनिज मिश्रण ठेवा, आणि बदल एका दिवसात न करता आठ-दहा दिवसांत करा. त्या आठवड्यात तुम्ही चार गाईंना तापाची इंजेक्शनं दिलीत. एकीचंही तापमान मोजल्याची नोंद नाही.

दुसरी गोष्ट: रवंथ घटली तेव्हा हालचाल वाढली की कमी झाली? हालचाल वर, रवंथ खाली आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही जागेवर, म्हणजे माज. दोन्ही खाली आणि बारा तासांतही सावरत नाहीत, म्हणजे गाय आजारी आहे. तेव्हा थर्मामीटर लावा. गाईचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं. १०३ च्या वर गेलं तर डॉक्टरला फोन करा. ताप नसेल म्हणून सोडूनही देऊ नका, कारण व्याल्यानंतरचे बरेच आजार बिनतापाचेच असतात.

तिसरी: व्याऊन किती दिवस झाले? व्यायच्या दिवशी रवंथ पडतेच. पुढच्या पाच-सात दिवसांत ती चढून जागेवर यायला हवी. गेल्या महिन्यात कराडजवळच्या एका गोठ्यात मी असाच आलेख पाहिला. गाय व्याऊन सहा दिवस झालेले, दूध बरं, ताप नाही, शेण थोडं घट्ट. हिरवा चारा खात होती, पेंडीला तोंड लावत नव्हती. गोठ्यातल्या माणसाला ती ठणठणीत वाटत होती. रवंथाची रेघ मात्र तिसऱ्या दिवसापर्यंत चढून पाच तासांवर येऊन थांबलेली, पुढं हलायला तयार नाही. रक्ताचा थेंब कीटोनच्या मीटरवर घेतला तर आकडा १.२ च्या बराच वर. ही छुपी कितनबाधा (कीटोसिस), म्हणजे अंगावरची चरबी वितळून रक्तात कीटोन वाढणं. प्रोपिलीन ग्लायकॉल तोंडानं सुरू केलं, चार-पाच दिवसांत रेघ वर आली. पट्टा नसता तर ही गाय पंधरा दिवसांनी दूध उतरल्यावर लक्षात आली असती, आणि तोवर पुढचा माजही लांबला असता. रवंथाच्या मेसेजचा खरा पैसा व्याल्यानंतरच्या या तीन आठवड्यांत वसूल होतो. या काळातल्या गाईचा मेसेज कधीही टाळू नका. बाकीच्यांच्या बाबतीत बारा तास थांबून, वरच्या दोन गोष्टी बघून मग ठरवलं तरी चालतं.

लसीकरणानंतरचे एक-दोन दिवस रवंथ खाली असते, त्याला घाबरायचं कारण नाही. उन्हाळ्यात दुपारची रवंथ घटते आणि गाई बसायच्या ऐवजी उभ्या राहतात. आपल्याकडं ताण फक्त एप्रिल-मेमध्येच येतो असं समजतात, ते खरं नाही. तापमान आणि आर्द्रता मिळून जो निर्देशांक काढतात तो ७२ च्या वर गेला की एचएफ गाईला त्रास सुरू होतो. ३२ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के आर्द्रतेला तो ८१ च्या आसपास जातो. पण २५ अंश आणि ७० टक्क्यांनाही तो ७४ होतो. म्हणजे कृष्णाकाठचा जून-जुलै, जो आपल्याला गार वाटतो, तोही गाईला तसा नसतो. पंखे पाऊस पडला की बंद करायची घाई नको.

पट्ट्याला काय दिसत नाही तेही माहीत हवं. तापाची, जोराची दगडी (कासेची सूज) असेल तर रवंथ धाडकन पडते, मेसेज येतो. पण छुपी दगडी, ज्यात गाय मजेत खाते आणि दूध हळूहळू कमी होतं, ती गळ्यातल्या पट्ट्याला कळत नाही. त्यासाठी धारेच्या यंत्रात दुधाची विद्युतवाहकता मोजणारे सेन्सर असतात, कारण कास सुजली की दुधात सोडियम आणि क्लोराइड वाढतात. तेवढा खर्च आत्ता करू नका. पंधरा दिवसांतून एकदा चारही सडांचं दूध सीएमटी द्रावणावर (दगडी ओळखायच्या साध्या चाचणीवर) तपासा, काम तेवढ्यातही भागतं. पोटात सोडायच्या सेन्सरबद्दलही विचारणा होते. तो तापमान अचूक सांगतो आणि व्यायच्या आदल्या दिवशी तापमान थोडं उतरतं तेही दाखवतो. पण एकदा गिळला की परत मिळत नाही, आणि आम्लता मोजणारे प्रकार काही महिन्यांतच थकतात. २२ गाईंना त्याची गरज नाही.

एका गोष्टीवर मी जरा कडक बोलतो. मेसेजवरून अँटिबायोटिक देऊ नका. मेसेज म्हणजे निदान नव्हे. औषध दिलेलं दूध ठरलेले दिवस संकलन केंद्रावर घालता येत नाही, आणि न लागणारं औषध वारंवार गेलं की लागेल त्या दिवशी ते चालत नाही.

मांडणीच्या दोन-तीन गोष्टी. पट्टा ढिला असेल तर फिरतो आणि जबड्याची लय चुकीची वाचतो. दोन-तीन बोटं जातील इतकाच सैल, आणि चिप कंपनीने सांगितलेल्या बाजूलाच. वाढत्या कालवडीचा दर महिन्याला सैल करा. माहिती गोळा करणारी पेटी इन्व्हर्टरवर ठेवा. लाईट गेल्यावर चार तासांची माहिती उशिरा चढते आणि मेसेजही तितकाच उशिरा येतो. तुम्ही नदीच्या बाजूला आहात, तेव्हा पेटी भिंतीवर उंच लावा. २०१९ चा महापूर वाळवेकरांना सांगायला नको.

आणि एक वही. प्रत्येक मेसेजसमोर एकच शब्द लिहायचा: काय सापडलं. सोट, लंगडणं, चारा बदल, ताप, काही नाही. दोन महिन्यांनी तुमच्या गोठ्यातले खोटे मेसेज कुठल्या दिवशी आणि का येतात ते तुम्हालाच दिसेल. कंपनीच्या माणसाला मेसेजची मर्यादा कमी-जास्त करायला सांगायचं ते तेव्हा. आत्ता उगाच नको.

तुमच्यासारखे पट्टे घ्यावेत का, असं शेजारचे विचारत असतील. चार-पाच गाई दावणीला बांधून सांभाळणाऱ्यानं घेऊ नयेत. बांधलेली गाय माजावर आली तरी फिरणार कुठं? त्याच पैशात कुंपण घालून मुक्त संचार करावा, भिंतीवर २१ दिवसांचं कॅलेंडर लावावं, आणि रात्री झोपायच्या आधी दहा वाजता वीस मिनिटं गोठ्यात उभं राहावं. माजाची उडवाउडवी बघायला तीच वेळ चांगली.

शेवटी कालवडींचं, कारण फोनवर तुम्ही ते विचारलं होतं. हो, पट्टा लावा, पण वजन २५० किलोच्या पुढं गेल्यावर. त्याआधी भरवायचीच नाही, तर माज कळून काय करणार? कालवडीचा माज ठळक असतो, चक्रही नियमित, आणि लिंगनिर्धारित वीर्य गाभण धरायला सगळ्यांत चांगलं जमतं ते कालवडीतच. महागाची कांडी गप्प राहिलेल्या ३ नंबरमध्ये वाया घालवण्यापेक्षा तिथं वापरा. ७ नंबरच्या पट्ट्याची नवी नोंद आजच करा, १८ चे खूर या आठवड्यात, ३ नंबरची तपासणी, गरज पडली तर दोनदा. आणि पुढच्या दोन चक्रांत भरवलेल्या प्रत्येक गाईसमोर दोन वेळा लिहून पाठवा: रेघ कधी चढली, कांडी कधी गेली. मेसेज कधी आला ते लिहिलं नाही तरी चालेल.